बाजारातला आवाज

टॅब्लेट टेबलावर ठेवून हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्ट मुलीने विचारलं, “काका, तयार आहात ना?”

“आहेत, आहेत,” काकू म्हणाल्या.

वर्षभराची सवय ती. कॅन्सरपायी काकांचं स्वरयंत्र काढावं लागलं, तेव्हापासून दोघांचं मिळून काकूच बोलत होत्या. डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी, लेकीशी फोनवर. काका पाटीवर लिहीत, आणि त्यांचं लिहून व्हायच्या आत काकूंचं उत्तर देऊन झालेलं असे. मागे एकदा बोलणारं यंत्र मिळालं होतं, पण त्यातून बातम्या सांगणारा कुणी गुळगुळीत माणूस बोलायचा. काकांनी ते कपाटात टाकलं आणि पाटीवर लिहिलं, परक्याच्या तोंडाने मी बोलणार नाही.

आता हे नवं आलं होतं. माणसाचं जुनं बोलणं मिळालं की कॉम्प्युटर त्यावरून हुबेहूब त्याचाच आवाज तयार करतो, असं या मुलीने सांगितलं होतं. काका भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. सगळा बाजार त्यांना भोंगाच म्हणायचा. व्यापाऱ्यांनी आपापल्या मोबाइलमधली रेकॉर्डिंगं हौसेने शोधून दिली. हाही आवाज पटला नाही तर हा माणूस जन्मभर पाटीच धरून बसणार, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. काल त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

काकांनी एका बोटाने टाइप केलं आणि बटण दाबलं.

“पाणीऽऽ हवंऽऽय!”

शेवटचा ढीग उरलाय, घ्या नाहीतर चाललो, असा तो सूर. बाहेरच्या बाकांवरची कुजबुज थांबली. एक सिस्टर खरोखरच पाण्याची बाटली घेऊन धावत आली.

काकूंना एकदम हसू फुटलं. काकांचाच आवाज. शंभर माणसांत ओळखला असता. मुलगी मात्र ओशाळली. सगळे नमुने बाजारातलेच, त्यामुळे काहीही टाइप केलं तरी लिलावच निघतोय, म्हणाली. घरातलं हळू बोलणं कुणी रेकॉर्ड केलंय का, असं तिने विचारलं.

“घरात बोलायचे कुठे गं? सगळा आवाज बाजारात खपवून यायचे.”

काका गालातल्या गालात हसले आणि पुन्हा टाइप करू लागले. बराच वेळ. काय लिहिताहेत ते बघायला काकूंनी मान पुढे केली, तर त्यांनी दुसऱ्या हाताने स्क्रीन झाकला.

“वर्षभर दोघांचं तू एकटीच बोललीऽऽस! आता माझं मी बोलतोऽऽ! तू जरा बऽऽस!”

कॉरिडॉरच्या पार टोकापर्यंत गेलं ते. बाहेर कुणीतरी ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणत लिलाव पुरा केला आणि बाकांवर हशा पिकला.

काकू कानापर्यंत लाल झाल्या. “अहो, हळू बोला. लोक ऐकताहेत.”

 या माणसाला हळू बोला म्हणायची वेळ पुन्हा कधी येईल, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मुलीने घाईघाईने आवाज कमी केला. काकांनी आणखी काहीतरी टाइप केलं. गल्लीपलीकडून यावं तसं बारीक ऐकू आलं, “ऐकू देत.”

काकूंनी टॅब्लेट आपल्याकडे ओढला, बटण शोधलं आणि आवाज होता तेवढा पुन्हा वाढवला.

“परत म्हणा,” त्या म्हणाल्या. “मला नीट ऐकू आलं नाही.”