घटस्थापनेची फाईल

“साहेब, गटाराचं झाकण उघडं टाकलंत, ते मुहूर्त बघून का?”

मैत्रिणींनी ‘विचारून दाखवच’ अशी पैज लावली होती, म्हणून उन्नतीने नगरपालिकेच्या खिडकीत तोंड घालून विचारून टाकलं. कारकून चिडलाही नाही. “नाही गं बाळ. पण तुम्ही अर्ज मात्र मुहूर्त बघून आणलात. भरपाईची मुदत चार दिवसांपूर्वी संपली.”

उन्नतीचा सगळा तोराच उतरला. त्या गटारात पडून आईचा पाय कायमचा अधू झाला होता, शिलाई मशीन सहा महिने झाकून पडलं होतं. आणि अर्ज? तो तर पंधरा दिवसांपासून लिहून तयार होता! “पितृपंधरवड्यात नवं काम काढू नये,” म्हणून बाबांनी तो कपाटात ठेवला आणि आज घटस्थापनेला फाईलला हळदकुंकू लावून आणला.

“उशीर माफ करण्याचा अर्ज देता येईल,” कारकून म्हणाला. “पण कारण खरं लिहा. मंजूर होईलच असं नाही.”

बाकावर कुबडी धरून बसलेल्या आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी घड्याळाकडे. “आत्ता राहुकाळ आहे. दुपारी देऊ.”

उन्नतीने दप्तरातून वही ओढली आणि टर्रकन पान फाडलं.

“आई, बाबा, अर्ज मी आत्ताच लिहिणार, या राहुकाळातच. उशिराचं कारण पितृपंधरवडा, असंच लिहिणार. आणि आई, सही तू करायचीस. पाय तुझा मोडलाय, पंचांगाचा नाही.”