दुसरं फूल

इस्त्री उचलली तेव्हा झग्याच्या घेरावर बदामी डाग उमटलेला होता. तिने त्यावर फुंकर मारली, मग बोट ओलं करून चोळलं. डाग जागचा हलला नाही.

बाळाच्या बाप्तिस्म्याला दोन तास उरले होते. या घरातलं प्रत्येक मूल याच पांढऱ्या झग्यात चर्चमध्ये गेलेलं. घेरावर एका बाजूला एकच कापडी फूल शिवलेलं होतं, आणि येणारा-जाणारा त्या फुलाचं कौतुक करी. बाहेर पडताना गॅस तीनतीनदा तपासणारी बाई ती, पण पाळण्यातून रडणं ऐकू आलं आणि इस्त्री तशीच आडवी टाकून धावली.

सासूबाई आत आल्या. उभा जन्म शिवणकामात गेलेला, त्यामुळे डाग त्यांना दारातूनच दिसला.

"कुणी केलं?"

"थोरलीने हात लावला इस्त्रीला."

वाक्य तोंडातून निघून गेलं. थोरली, वय वर्षं पाच, एका पायात मोजा घालून दाराशीच उभी होती.

गेल्याच रविवारी आईनेच चर्चमधल्या मुलांना एदेन बागेची गोष्ट सांगितली होती. मना केलेलं फळ का खाल्लं असं देवाने विचारलं, तर पुरुषाने बाईकडे बोट दाखवलं आणि बाईने सापाकडे. मुलं खिदळली होती. तेव्हापासून घरात दूध सांडो की पेन्सिल मोडो, थोरलीचं उत्तर ठरलेलं, सापाने केलं.

आताही ती तेच म्हणेल, असं वाटलं. थोरलीने आईचा चेहरा नीट पाहून घेतला.

"हो," ती म्हणाली. "मी केलं."

सासूबाई रागावल्या नाहीत. शिवणाचा डबा आण म्हणून त्यांनी थोरलीला आत पिटाळलं. आता फक्त गप्प राहायचं होतं. मुलं विसरतात, तिने मनाशी म्हटलं. मग पुन्हा एकदा म्हटलं.

थोरली डबा घेऊन आली आणि इस्त्रीच्या उंच टेबलावर ठेवायला गेली. चवड्यांवर उभी राहिली तरी डबा काठापर्यंत पोचेना. शेवटी सासूबाईंनीच तो तिच्या हातून घेतला आणि वर ठेवला.

"आई, मी केलं," ती सासूबाईंना म्हणाली. "बाळ रडलं म्हणून इस्त्री टाकून गेले. ही इथे नव्हतीसुद्धा."

"टेबल तिच्या नाकाला लागतं. सुईत दोरा जात नाही माझ्याच्याने, पण एवढं दिसतं अजून." सासूबाईंनी छोटी कात्री पुढे केली. "ते फूल उसव."

"आज?"

"उसव म्हणते ना."

तिने जपून चार टाके कापले. पाकळी उचलली गेली. खाली तसाच बदामी डाग होता, इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा, जुना, कडेने फिकटलेला.

"तुझ्या नवऱ्याच्या बाप्तिस्म्याचा," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या धाकट्या नणंदेचं नाव सांगितलं मी. शाळेत जायची ती तेव्हा. आठ दिवस घरात कुणी तिच्याशी धड बोललं नाही."

"आणि फूल तुम्ही शिवलंत?"

"तिने शिवलं."

सासूबाई डब्यात पांढरं कापड शोधू लागल्या. सापडलं तसं दुमडून त्यांनी पाकळी कातरली आणि नव्या डागावर ठेवून पाहिली. मग सुई आणि दोरा थोरलीच्या हातात दिला.

थोरलीने दोऱ्याचं टोक जिभेला लावलं, एक डोळा मिटला आणि पहिल्याच खेपेला ओवला. मग सुई आईपुढे धरली, तिला शिकवलं होतं तशी, टोक स्वतःकडे करून.