डबीची खरखर

“तू दिलेली ती डबी बिघडली गं,” आई म्हणाली.

“बिघडूच शकत नाही.” मुलीने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. “आई, मी तपासून दिली आहे.”

“मग हे तिला हात का लावत नाहीत?”

वडील खिडकीशी बसले होते. डबी टेबलावर पालथी पडली होती. घशाच्या ऑपरेशनआधी ते भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. अख्खा बाजार त्यांना तोफ म्हणायचा. ते कानात बोलले तरी पलीकडच्या गल्लीला कळायचं. ऑपरेशननंतर मात्र ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. देवाने आवाज नेला पण माणूस ठेवला, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि तो ठेवलेला माणूस रोज थोडा थोडा निघून चालला होता. मग ही डबी आली. अक्षरं टाइप करायची, बटण दाबायचं, डबी बोलायची. वडील उठून बसले. टेबलाशी जेवायला येऊ लागले. ते पुन्हा भिंतीकडे वळतील, एवढीच आता मुलीला धास्ती होती.

डबीत एकच खोट होती. दुपार होईतो तिची बॅटरी संपायची. मुलीचं कामच ते होतं. चालता प्रोग्राम घ्यायचा, त्यातली फुकटची धावपळ काढून टाकायची, आणि नवा प्रोग्राम जुन्यासारखाच वागतो हे सिद्ध करायचं. डबीच्या प्रोग्राममध्ये बोलण्याआधी एक लांबलचक हिशेब होता. त्याचं उत्तर पुढे कुठेच लागत नव्हतं. तो तिने काढला. तो हिशेब होईपर्यंत स्पीकर उगाच चालू राहून खरखरायचा. आता स्पीकर शब्द तयार झाल्यावरच चालू होत होता.

“पण लोक काय वाट्टेल ते बोलतील,” आई टॉवेलच्या घड्या घालत म्हणाली. “सगळी वाक्यं तू कशी गं तपासलीस?”

“एकेक वाक्य नाही तपासत. पातेल्यात पाणी नेमकं किती ते मोजायचंच नाही. तळापासून काठापर्यंत कितीही असेल, एवढंच धरून पुढे जायचं. मग जे ठरेल ते कितीही पाण्याला लागू.”

“आणि खात्री नसली तर?”

“तर दोन्ही प्रोग्राम ताडून बघणारं माझं यंत्र सरळ ‘माहीत नाही’ म्हणतं. खोटं कधी सांगत नाही.”

“गुणी आहे. तुझ्या आत्याशी ओळख करून दे एकदा.”

मुलगी हसली. तिने डबी उचलली, ‘आज हवा छान आहे’ असं टाइप करून बटण दाबलं. डबी तत्काळ बोलली. वडिलांनी मान डोलावून, पाहुण्याला दाखवावा तसा आदर दाखवला आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

“बोलते ना?” मुलगी म्हणाली.

“बोलते गं.” आई जरा घुटमळली. “पण पूर्वीसारखं नाही राहिलं.” नेमकं काय, ते तिने सांगितलं नाही. टॉवेल उचलून ती आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला.

मुलगी तिथेच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. थोड्या वेळाने वडिलांनी हळूच डबी हातात घेतली. काहीच टाइप केलं नाही. नुसतं बटण दाबलं, आणि दाराकडे पाहिलं. पुन्हा दाबलं. पुन्हा दाराकडे पाहिलं. नळ वाहतच होता. त्यांनी डबी पालथी ठेवली.

“बाबा, आधी लिहा तर खरं!”

वडील तिच्याकडे पाहून हसले. लहानपणी ती उलटा फ्रॉक घालून यायची तेव्हा हसायचे, तसे.

‘पूर्वीसारखं नाही राहिलं’ हे आईचं बोलणं तिला आठवलं. तिने डबीला वायर जोडली आणि जुना प्रोग्राम परत भरला. मग डबी वडिलांच्या हातात दिली.

त्यांनी बटण दाबलं. खरखर सुरू झाली. आत नळ बंद झाला. आई पदराला हात पुशीत आली आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. खरखर थांबली. डबी एक शब्दही बोलली नाही. आईने “काय म्हणालात?” असं विचारलंही नाही. दोघं खिडकीबाहेर पाहत राहिली.

“आई, ते काहीच बोलले नाहीत.”

आईने मान खाली घातली. “बोलायचं असलं की बोलतात गं. काही बोलायचं नसलं की मला बोलावतात. आता एवढं तुला काय सांगायचं!”

दोन्ही प्रोग्राम सारखे आहेत हे तिने सिद्ध केलं होतं. पण सारखे म्हणजे काय, हे तिचं तिनेच ठरवलं होतं. डबीतून निघणारे शब्द तेवढे बघ, असं तिने यंत्राला सांगितलं होतं. शब्दच नसतील तर इकडेही काही नाही, तिकडेही काही नाही. सारखेच. पलीकडच्या खोलीत काय होतं, ते बघायला तिने सांगितलंच नव्हतं.

तिने लॅपटॉप उघडला. शब्दांबरोबर खरखरही बघ, असं लिहिलं. यंत्राने सरळ सांगितलं: सारखे नाहीत. स्वतःची चूक पाहून तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. आता खरखर ठेवायची, तिच्यातला हिशेब तेवढा काढायचा. बॅटरीही संध्याकाळपर्यंत पुरेल.

“बाबा,” तिने विचारलं, “खरखर किती वेळ ठेवू?”

वडिलांनी डबी घेतली. एकेक अक्षर शोधत टाइप केलं. बटण दाबलं. खरखर झाली, आणि मग डबी बोलली:

“हिला हात पुसून यायला लागतो तेवढा.”