काकांचं अळणी नाटक

"यात मीठ कमी आहे," काका म्हणाले.

"कमी नाही, नाहीच आहे. मीही तेच खातेय ना? गिळा मुकाट्याने," मावशी म्हणाली.

काकांनी तोंड वाकडं केलं, पण घास गिळला. चपला-बुटांचं दुकान चालवणारा हा हट्टी गृहस्थ. खारे दाणे खायला बसला की बरणीचा तळ दिसेपर्यंत उठायचा नाही, आणि पथ्याचं नाव काढलं की भांडायला उठायचा. तोच माणूस चार महिने अळणी जेवत होता, तेही बायकोसाठी!

झालं होतं असं. मावशीने फारच टुमणं लावलं म्हणून दोघं तिच्या भाचीकडे तपासणीला गेले. भाची किडनीची डॉक्टर. रिपोर्ट आले तेव्हा तिने काकांना एकट्यालाच आत बोलावलं.

"काका, मावशीच्या लघवीतून प्रोटीन जातंय. किडनी दुखावलीय."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. "अगं, पण तिला काहीच त्रास नाही!"

"सुरुवातीला नसतोच. वेळेत सापडलंय ते बरं. साखरेच्या आजारासाठी निघालेलं एक औषध किडनीलाही जपतं, असं अलीकडच्या संशोधनात दिसलंय. ते देते. मीठ मात्र तोडायला हवं. आणि मावशीला यातलं काही सांगू नका, ती धसका घेईल."

"न सांगता ती मीठ कशी सोडणार?"

"तुमच्यासाठी सोडेल. तुम्ही आजारी व्हा."

भाचीने दोन डब्या दिल्या. पांढऱ्या गोळ्या काकांच्या, नुसत्या नावाला. पिवळ्या मावशीच्या, ताकदीच्या म्हणून द्यायच्या. "एकही चुकवू नका हं. तुम्ही चुकवलीत की तीही चुकवेल." रिपोर्ट तिने स्वतःकडेच ठेवले, चुकून मावशीच्या हाती लागायला नकोत.

काकांनी दुकानात सराव केला. दुकानातला आरसा चपला बघण्यापुरता, गुडघ्याएवढा. त्याच्यासमोर उकिडवं बसून ते चेहरा पाडत होते, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि "बरं नाही का तुम्हाला?" असं विचारून गेलं. काका खूश!

घरी त्यांनी बातमी सांगितली तेव्हा मावशीने तोंड ओंजळीत झाकून घेतलं. तिचे खांदे गदगदत होते. काकांना अगदी गलबलून आलं. मग ती उठली आणि म्हणाली, "आजपासून तुमच्या ताटात तेच माझ्या ताटात."

एकदा शेजारच्या शिंप्याने खारे दाणे पुढे केले. काकांनी चांगली मूठभर घेतले. वास नाकात शिरला, तोंडाला पाणी सुटलं. पण घरी कळलं तर तीही खायला लागेल. आणि तिला काही झालं तर आपण भांडायचं कुणाशी? ही कल्पनाच त्यांना सोसवेना. त्यांनी दाणे परत केले. शिंपी बघतच राहिला.

दिवसभर गिऱ्हाइकांचे पाय बघायचे आणि संध्याकाळी चोरून मावशीचे, सूज आहे का म्हणून. सूज नसायची. औषध लागू पडतंय, काका मनाशी म्हणायचे. स्वतःच्या पायांकडे बघायला त्यांना सवड कुठली! पूर्वी त्यांच्या पायात करकचून बसणाऱ्या चपला हल्ली चालताना निसटत होत्या. "कातडं ताणलंय. व्यापाऱ्याने फसवलं मेल्याने," असं ते म्हणायचे. मावशी हूं म्हणायची.

चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. भाचीने आधी काकांना आत घेतलं.

"मावशीचे रिपोर्ट छान आले, काका. प्रोटीन निम्म्यावर आलंय."

काकांचे डोळे भरून आले. "पोरी, जीभ मेली गं माझी. पण सार्थक झालं. आता खाऊ का चार दाणे?"

"छे! आणि तिने बघितलं तर?"

"अरे हो, खरंच की!"

डोळे पुसून, चेहरा नीट पाडून काका बाहेर आले. "थोडी सुधारणा आहे म्हणते," ते मावशीला म्हणाले. "जा, तूही भेटून ये. घाबरू नकोस, मी आहे ना."

मावशीने आत जाऊन दार लावून घेतलं.

"मावशी, आता तरी सांगूया का त्यांना?" भाची म्हणाली. "मला असं खोटं बोलवत नाही गं."

मावशीने पांढऱ्या गोळ्यांची नवी डबी उचलून जपून पर्समध्ये ठेवली.

"वेडी आहेस का? स्वतःच्या किडनीसाठी हे चिमूटभर तरी मीठ सोडणार आहेत का?"