चार डोळ्यांचा नियम

"चाळीसातले सात सेन्सर उशिरा जागे झाले," अश्वजित म्हणाला. "उणे वीस अंशांना."

ब्रांटसाहेबांनी अहवाल न वाचताच टेबलावर पालथा ठेवला. "आणि आपल्या हॉलमध्ये?"

"तिथं सगळे नीट चालतात. पण गाड्या अँडीजमध्ये जाणार आहेत."

"आबनामे, म्हणजे ताब्याची तपासणी, हॉलमध्येच होणार आहे. पुढच्या बुधवारी, हीटर लावून. सैन्याचे लोक गाड्या तपासतील, ताब्यात घेतील, झालं."

ब्राउनश्वाइगजवळची ही कंपनी दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाच्या सैन्याला जुन्या चिलखती गाड्या नव्यासारख्या करून देत होती. गाडीत आग लागली, तर ती पाव सेकंदात ओळखणारे सेन्सर बसवणं हे अश्वजितच्या विभागाचं काम. पाव सेकंदाचे दोन सेकंद झाले, तर आतल्या माणसांसाठी करण्यासारखं काही उरत नाही.

"चांगल्या सेन्सरची पेटी गोदामात पडून आहे," अश्वजितनं नेट धरला.

"ती उन्हाळ्यातल्या ऑर्डरची. आता कागद बदलायचे तर तारीख जाईल. तारीख गेली की जहाज जाईल." ब्रांट उठले. "तुमचं काम तुम्ही केलंत. धन्यवाद."

अश्वजितनं आशेनं शेजारी पाहिलं. फ्राउ हार्टविग पेन्सिल टेबलाच्या कडेला अगदी समांतर लावत होत्या.

कंपनीत चार डोळ्यांचा नियम होता. कोणताही कागद दोघांनी पाहायचा, दोघांनी सही करायची. सहा वर्षं अश्वजितच्या सहीशेजारी हार्टविगबाईंची सही होती. या सहा वर्षांत हवापाण्यापलीकडे दोघांचं बोलणं झालं नव्हतं. बाईंना वाकडं काही बघवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर कलंडलं तरी त्या चालता चालता सरळ करून जात.

"काहून बोलत नाहीस हार्टविगबाईंशी?" संध्याकाळी क्षमानं विचारलं. ती इथल्याच विद्यापीठात पीएचडी करत होती. लग्नाला सात वर्षं झाली, तरी चिडली की तिचं नागपूर बाहेर येई.

"ब्रांटच्या बाजूच्या आहेत त्या. उद्या जाऊन सांगतील. नोकरी गेली की आपला व्हिसा गेला, तुझी पीएचडी अर्धी."

"आणि गप्प बसलास तर झोप लागेल तुला?"

त्याच्या डोळ्यांसमोर सार्जंट मामानी होता. ताबा घ्यायला आलेल्या लोकांपैकी हा एकटाच कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलाशी येऊन बसे. कॅन्टीनच्या फिक्या बटाट्यांवर तो खिशातली तिखटाची बाटली उपडी करी, आणि अश्वजितनं आणलेला ठेचा चाखून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसे. पहिली गाडी डोंगरात तोच चालवणार होता.

गुरुवारी बाराच्या ठोक्याला "माल्झाइट!" म्हणत सगळे जेवायला गेले. अश्वजित गोदामात शिरला.

दोन करड्या पेट्या, सारख्याच. दोन्ही सीलबंद. सील तोडलं तर लगेच कळलं असतं. पण कोणत्या पेटीत कोणती खेप आहे, हे सांगणारी फक्त वर चिकटवलेली चिठ्ठी होती. त्यानं दोन्ही चिठ्ठ्या सोडवल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. घाईत दोन्ही तिरक्या बसल्या.

यात कुणाचं नुकसान नव्हतं. बिघडलेली खेप आता उन्हाळ्यापर्यंत गोदामात पडून राहील, जुलैच्या तपासणीत पकडली जाईल आणि परत जाईल. त्यानं हा हिशेब मनाशी दहा वेळा करून पाहिला होता.

सोमवारी सकाळी गोदामात पाऊल टाकलं आणि तो थबकला. दोन्ही चिठ्ठ्या सरळ होत्या, कोपऱ्याला कोपरा लावून. कुणीतरी हात लावला होता.

मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं. बाई! तिरकी चिठ्ठी दिसली आणि राहवलं नसणार. पण चिठ्ठी सरळ करताना त्यांना संशय तर आला नसेल?

फिटरनी चिठ्ठी वाचून पेटी उचलली. कागदावर अश्वजितनं सही केली. फ्राउ हार्टविगनी त्याच्याकडे न पाहता शेजारी सही केली. त्यांचं पेन जरा अडखळल्याचं त्याला दिसलं. पुढचे दोन दिवस ब्रांटच्या खोलीतून बोलावणं येईल या धास्तीनं त्याला घास गिळवला नाही.

बोलावणं आलं नाही. बुधवारी गरम हॉलमध्ये सगळ्या गाड्या पास झाल्या. मामानीनं त्याला मिठी मारली आणि ती तिखटाची बाटली त्याच्या खिशात कोंबली. आठवड्यानं जहाज सुटलं. त्या रात्री अश्वजित पोटभर जेवला आणि गाढ झोपला.

मे अखेरीला फ्राउ हार्टविग निवृत्त झाल्या. जाणाऱ्यानंच सगळ्यांना खाऊ घालायचं, ही इथली रीत. त्यांनी घरून सफरचंदाचा केक करून आणला होता. सूचनाफलकावर त्याच दिवशी आलेला एक फोटो लागला होता. बर्फात उभी गाडी, वर हसणारा मामानी. खाली ब्रांटनी लिहिलं होतं, 'तिकडे हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला. उद्या गाड्या वर निघतात.'

हार्टविगबाई केकची बशी घेऊन त्याच्याजवळ आल्या आणि हात पुढे केला. "आता अहो-जाहो पुरे. मी इंगे."

"अश्वजित," तो चक्रावून म्हणाला.

"आल्झो... तर मग, अश्वजित. उद्यापासून ब्रांट माझं काही बिघडवू शकत नाही, म्हणून सांगते. तुझा अहवाल मी विसरले नव्हते. तुला सांगितलं असतं, पण तू अडचणीत आला असतास. तुझा व्हिसा, तुझी बायको..." फोटो जरा कलला होता, तो त्यांनी बोटानं सरळ केला. "या माणसाची काळजी करू नकोस. त्या शुक्रवारी सगळे घरी गेल्यावर मी गोदामात गेले, आणि दोन्ही पेट्यांच्या चिठ्ठ्या बदलून टाकल्या."