भ्यालेल्या जिवाचा पत्ता

“हा धुतलेला आहे,” बाओजूने तो फिकट पिवळा शर्ट नाकाशी नेऊन परत केला. “अंगावरचा आणायचा असतो. साबणाच्या वासात तुमच्या बायकोचा जीव सापडायचा कसा?”

समोरचा गृहस्थ ओशाळला. “ती काळजीनं सारखी धूतच असते, मावशी. घरात न धुतलेलं काही राहतच नाही.”

रांगेतल्या बायका हसल्या. बाओजूलाही हसू आवरेना. केस काळे होते तेव्हापासून ती तैवानमधल्या कीलुंग बंदराच्या या देवळात निळा झगा घालून उभी राहत होती. माणूस फार घाबरला की त्याचा जीव अंगाबाहेर पडतो आणि वाट चुकतो. त्याला नावाने हाक मारून घरी बोलवायचं, हे तिचं काम. माणूस स्वतः आला तर उत्तम, नाहीतर त्याचा कपडाही चालतो. बायकोचा कपडा घेऊन येणारा नवरा मात्र तिने क्वचितच पाहिला होता. तिचा स्वतःचा नवरा, ती तापाने फणफणलेली असताना, जेवायला काय केलंय म्हणून विचारत आला होता.

“काय होतं तिला?”

“दचकते. पुन्हा पुन्हा कडी तपासते. वाटीतला भात अर्धा टाकते. रस्त्यानं जाताना सारखी मागे वळून बघते.” त्याने शर्ट पुन्हा पुढे केला. “वाळलीय हो नुसती.”

बाओजूने पेटत्या उदबत्त्या शर्टावरून फिरवल्या. नाव क्वो यू-हान, जन्म चिनी पंचांगातल्या सशाच्या वर्षातला, पत्ता बंदरामागच्या इमारतीचा. “यू-हान, घरी ये,” ती पुटपुटत राहिली.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. गुण नव्हता. चौथ्या खेपेला त्याने खाली मान घालून सांगितलं, की ती आता त्या घरात राहतच नाही. विश्रांतीसाठी कुठेतरी गेली आहे. कुठे, ते सांगत नाही.

“अहो, मग मी इतके दिवस जीव रिकाम्या घरी पाठवतेय का?” बाओजू वैतागली. “ती आता झोपते कुठे, तो पत्ता लागतो. नाहीतर जीव दार वाजवतो आणि आल्या पावली परत फिरतो.”

“मला ठाऊक असतं तर काय हवं होतं, मावशी,” तो म्हणाला आणि भर रांगेत रडू लागला. त्या रडण्याने बाओजूला दिवसभर चैन पडलं नाही.

आणि दोनच दिवसांनी तोंडावर मास्क लावलेली एक मुलगी तिच्यापुढे उभी राहिली.

“नाव?”

“क्वो यू-हान.”

उदबत्तीची राख बाओजूच्या बोटावर पडली. जन्मतारीखही तीच होती. पत्ता तिने कानाशी येऊन हळूच सांगितला. टेकडीवरच्या बाजारामागची गल्ली, तिसरा मजला.

“कशाला घाबरलीस, पोरी?”

“कोणीतरी मागे आहे असं वाटत राहतं. डॉक्टर म्हणाले, चिंतेचा आजार आहे. छातीत धडधडलं की श्वास सावकाश सोडायचा आणि मनाला सांगायचं, हे खरं नाही.”

“बरोबर सांगितलं त्यांनी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तू मागे बघतेस, म्हणून तो असतो. बघूच नकोस. आणि घरी कळवलंस का?”

“नाही, मावशी. उगाच जिवाला घोर लावून घेतील. त्यांना यातलं काहीच माहीत नाही.”

काहीच माहीत नाही म्हणे! बाओजूच्या अगदी ओठावर आलं होतं. पण निळ्या झग्याचा एक नियम होता, एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. तिने मुकाट्याने उदबत्त्या फिरवल्या आणि आणखी दोनदा यायला सांगितलं.

तो नियम त्या गृहस्थाचं तोंड दिसेपर्यंतच टिकला. गाल बसले होते, दाढी वाढली होती. बाओजूला भडभडून आलं. नवराबायकोची गाठ घालून देण्यात कसलं आलंय पाप? तिने त्याला बाजूला घेतलं आणि गल्ली, इमारत, मजला, सगळं सांगून टाकलं. त्याने ते दोनदा म्हणून पाठ केलं, तिचे दोन्ही हात कपाळाला लावले आणि शर्ट न उलगडताच निघून गेला. त्या दिवशी बाओजू पोटभर जेवली.

यू-हान तिसऱ्या खेपेला आली तेव्हा तिने मास्क काढला होता. गालांवर रंग होता.

“मला जमायला लागलंय, मावशी. काल झोपताना दाराशी खुडबुड ऐकू आली. पूर्वीसारखी उठून कडी बघायला गेले नाही. श्वास सोडला, हे खरं नाही म्हटलं, आणि चक्क झोप लागली.”

“शाब्बास गं माझ्या बाई,” बाओजूचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांत कोणाच्या बरं होण्याचा इतका आनंद झाला नव्हता तिला. एवढ्यात यू-हानच्या खांद्यावरून तिला धुपाच्या मोठ्या घंगाळापाशी तो उभा दिसला. दाढी केली होती, नवा कोट घातला होता. त्याने लांबूनच वाकून तिला नमस्कार केला.

आता मात्र तिला राहवेना. “रागावू नकोस, पोरी. तुझा पत्ता मीच दिला त्याला. तुझ्यासाठी फार रडलाय बिचारा. तो बघ, न्यायला आलाय तुला.”

“कोण?”

“कोण काय, तुझा नवरा.”

“माझं लग्न झालेलं नाही, मावशी.”