डायरेक्टरच्या घरची मांजरं

त्या दुष्काळात बोरी-बाभळीबी वाळल्या, पर साखर कारखान्याच्या डायरेक्टरसायबाचा ऊस घराला टेकून हिरवागार हुबा होता. घरची समदी पुण्याला लग्नाला गेली, अन् कुत्र्या-मांजरांपाशी मुक्कामाला तलवाड्याच्या भिमाबाईला ठिवलं.

तिसऱ्या दिवशी सांजंला वासराएवढा टायगर कुत्रा पलंगाखाली घुसला, भाकरीला तोंड लावंना, नुसता चळाचळा कापायला लागला. मेलाबिला तर मालकिणीला काय तोंड दाखवायचं? भिमाबाईनं फोन लावला.

"बाईसाहेब, कुत्र्यानं लई भ्या घेतलंय हो! लवकर या."

"अन् मांजरं?"

"ती मजेत हायती. ठिपक्याचं पिल्लू तर माज्या मांडीवरच हाय. उसाच्या कडंला वरडत बसलतं बिचारं, मीच उचलून घरात आणलं."

"भिमाबाई... आमची दोन्ही मांजरं पांढरी हायती. ते बिबट्याचं पिल्लू हाय!"

भिमाबाईनं पदरानं पिल्लाचं तोंड झाकलं.

"मंग बाईसाहेब," ती कुजबुजली, "मघापासून दार कोण खरवडतंय?"